थडग्याचे भाडे

'द आउटर वर्ल्ड्स' हा व्हिडिओ गेम २५ ऑक्टोबर २०१९ रोजी बाजारात आला आणि त्याच्यावरच्या चर्चेचे लगेच दोन रकाने पडले. जमेच्या बाजूला चुरचुरीत विनोद, कंपनीशाहीची उडवलेली टर आणि खेळणाऱ्याला मिळणारी मोकळीक. उण्याच्या बाजूला तोकडी लांबी, मोजकेच ग्रह, एकसारख्या बंदुका, सपक मारामारी. हा जमाखर्च आता इतका पक्का झाला आहे की गेमला हात न लावलेली पोरेही तो तोंडपाठ म्हणून दाखवतात.

माझ्या मते हा जमाखर्च उथळ आहे आणि बऱ्याच अंशी उलटा मांडलेला आहे. या गेमची खरी ताकद हिशेबाची वही दाखवण्यात आहे. माणसाचे जगणे, दुखणे, मरणे कुणाच्या खात्यावर कसे चढवले जाते हे त्याने ज्या स्वच्छ नजरेने पाहिले, तशी नजर या जातीच्या गेममध्ये क्वचित भेटते. आणि त्याचे खरे दौर्बल्य असे की खेळणाऱ्याचे स्वतःचे नाव त्या वहीत कधीच चढत नाही. विनोद, मोकळीक, गोड बोलून मार्ग काढण्याची सोय, ज्यांची वाहवा झाली त्या सगळ्या गोष्टी या बाहेर बसण्यातून आलेल्या आहेत. घाटंजीत बसून हा गेम खेळताना ते जरा जास्तच टोचते, कारण यवतमाळ जिल्ह्यात वहीबाहेरचा माणूस शोधूनच काढावा लागतो.

१. चुकलेली गोळी

अमेरिकेचे अध्यक्ष विल्यम मॅकिन्ली यांच्यावर ६ सप्टेंबर १९०१ रोजी बफेलो शहरात गोळ्या झाडल्या गेल्या आणि आठ दिवसांनी ते वारले. उपाध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट त्यांच्या जागी आले, आणि पुढे मक्तेदार कंपन्यांना वेसण घालणारा अध्यक्ष म्हणून त्यांचे नाव झाले. गेमच्या इतिहासात मॅकिन्लींचा खून होतच नाही. रूझवेल्ट त्या खुर्चीवर येत नाहीत, मक्तेदाऱ्या फोफावत जातात, आणि इसवी सन २३५५ मध्ये हॅल्सियन नावाची अख्खी सूर्यमाला कंपन्यांनी विकत घेतलेली असते. तिचा कारभार 'बोर्ड' पाहते. सरकार नाही, संचालक मंडळ.

मराठी वाचकाला इथे जयंत नारळीकरांची 'गंगाधरपंतांचे पानिपत' ही कथा आठवल्याशिवाय राहणार नाही. तिथेही सगळे एका गोळीवर अडलेले आहे. १४ जानेवारी १७६१ ला विश्वासरावांना लागलेली गोळी त्या दुसऱ्या जगात कानाजवळून निघून जाते, मराठे पानिपत जिंकतात आणि हिंदुस्थानचा इतिहास वेगळ्याच वाटेने जातो. गंमत अशी की नारळीकरांच्या त्या जगातही ईस्ट इंडिया कंपनी शिल्लक आहे. मुंबईत तिची कचेरी दिमाखात उभी आहे. पण ती तिथे मर्यादेत राहिलेली, देशी सत्तेने हातभर अंतरावर ठेवलेली व्यापारी पेढी आहे. गेममध्ये पेढीच घरमालक, पेढीच न्यायाधीश आणि पेढीच पुरोहित. अमेरिकन कल्पनाशक्तीला मक्तेदार कंपनी हे भविष्यातले भूत वाटते. आपण कंपनीचे राज्य भोगून बसलेलो आहोत. यवतमाळ–मूर्तिजापूर 'शकुंतला' ही छोटी आगगाडी किलिक निक्सन या कंपनीच्या काळात वऱ्हाडचा कापूस वाहण्यासाठी आली, आणि देश स्वतंत्र झाल्यावरही त्या रुळांसाठी रेल्वेखाते खासगी कंपनीशी करार करत राहिले. या जिल्ह्याला हॅल्सियन अगदीच परके नाही.

विज्ञान म्हणून गेममध्ये फारसे काही नाही, हे आधीच सांगून टाकतो. नारळीकर कथानायक गंगाधरपंतांच्या त्या दुसऱ्या जगातल्या प्रवासाला पुंजवादाचा आधार देतात, निदान द्यायची जबाबदारी मानतात. गेमला ती गरज वाटत नाही. त्यातली याने एस.टी.सारखी या थांब्यावरून त्या थांब्यावर नेऊन सोडतात. तरीही ही विज्ञानकथा आहे असे मी म्हणतो, कारण एक गृहीतक घेऊन त्याचे परिणाम शेवटपर्यंत ओढत नेण्याची शिस्त तिच्यात आहे. निदान पहिल्या गावात तरी.

२. एजवॉटरची वसुली

ते पहिले गाव म्हणजे एजवॉटर. 'स्पेसर्स चॉइस' कंपनीचे, डबाबंद मासळीच्या कारखान्याभोवती वसलेले. गावाच्या तोंडाशीच दफनभूमी आहे आणि तिथला सायलस नावाचा माणूस तुम्हाला एक किरकोळ काम सांगतो: गावातल्या काही जणांकडे थडग्याच्या जागेचे भाडे थकले आहे, तेवढे वसूल करून आणा. भाडे जिवंतपणीच भरायचे. थकले तर मेल्यावर जागा नाही. तुम्ही घरोघर फिरता. त्यातल्या एकाकडे जी थकबाकी निघते ती त्याची स्वतःची नसते. त्याच्याबरोबर काम करणाऱ्या कुणीतरी आत्महत्या केलेली असते. कंपनीच्या नियमात आत्महत्या म्हणजे कंपनीच्या मालमत्तेची नासधूस, आणि तिची भरपाई मागे राहिलेल्या सहकाऱ्याच्या माथी.

या प्रसंगात गेम आवाज चढवत नाही. सायलस दुष्ट नाही. तो दमलेला आहे, जरासा ओशाळलेलाही आहे, आणि त्याला महिनाअखेर रक्कम जुळवून दाखवायची आहे. खेळणारा निमूटपणे वसुली करतो, कारण रोल-प्लेइंग गेममध्ये काम सांगितले की करायचे असते. त्याचे बक्षीस मिळते. चार पैसे खिशात पडल्यावर उशिरा लक्षात येते की आपण आताच थडग्याची उधारी वसूल करून आलो. हे वाचून समजत नाही, करून समजते. कादंबरीने ते वर्णन केले असते, सिनेमाने दाखवले असते. गेमने ते खेळणाऱ्याच्या हातून करवून घेतले. या माध्यमाची ताकद विचारणाऱ्याला मी गेममधली युद्धे दाखवणार नाही, ही वसुली दाखवीन.

आमच्याकडे शेतकऱ्याने जीव दिला की प्रकरण जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीपुढे जाते. सातबारा कुणाच्या नावावर, कर्ज बँकेचे की सोसायटीचे की परवाना नसलेल्या सावकाराचे, नापिकी होती का, वसुलीचा तगादा होता का, हे तपासले जाते. कागद जुळले तर प्रकरण पात्र, नाही जुळले तर अपात्र. पात्र ठरले तर एक लाख रुपये. त्यातले तीस हजार हातात आणि सत्तर हजार ठेवीत. एजवॉटरशी याचा फरक मोठा आहे आणि तो लपवणे बेइमानी ठरेल. तिथे मेलेल्याच्या नावाने पैसे उकळले जातात, इथे सरकार पैसे देते. पण दोन्हीकडे घरात मयत झाल्यावर चौथ्या-पाचव्या दिवशी कुणीतरी कागद घेऊन दारात येतो, आणि इथे मागे राहिलेल्या बाईला नवऱ्याचे मरण कोणत्या रकान्यात बसते ते सिद्ध करावे लागते. रकाना ज्याने आखला तो माणूस दारात कधी येत नाही. एजवॉटर लिहिणाऱ्यांना यवतमाळ ठाऊक असण्याचे कारण नव्हते. त्यांना कारकुनी ठाऊक होती, तेवढ्याने भागले.

३. हसू कुठे आटते

आता विनोद. पहिल्या चार-पाच तासांत तो धारदार आहे. ग्राउंडब्रेकर नावाच्या अंतराळस्थानकावर मार्टिन कॅलहान नावाचा विक्रेता भेटतो. कंपनीच्या बोधचिन्हातले चंद्राचे भले मोठे मुंडके त्याच्या डोक्यावर चढवलेले आहे आणि ते काढायची त्याला मुभा नाही. विचारलेल्या प्रत्येक प्रश्नाला तो जाहिरातीच्या चालीवर उत्तर देतो. नेटाने बोलत राहिलात तर मधूनच आतला माणूस ऐकू येतो, आणि लगेच पुन्हा जाहिरात सुरू होते. हा विनोद मला अव्वल वाटतो, कारण मुखवट्यातला माणूस गुदमरतो आहे हे आपल्याला कळलेले असते.

पुढे मात्र हीच युक्ती सगळीकडे वापरली जाते. व्यवस्थापक मठ्ठ, संचालक मठ्ठ, धनिकांच्या बायझँटियम शहरातली मंडळी तर ठार मठ्ठ. कंपनी म्हणजे मूर्खांचा बाजार हे एकदा ठरले की खेळणाऱ्याला हसण्याखेरीज काम उरत नाही, आणि कंपनी हसण्यावारी नेण्याजोगी वस्तू होऊन बसते. टीकेचा सगळा जोर तिथे निघून जातो.

प्रत्यक्षात पिळवणूक अशी मठ्ठ नसते. ती समजूतदार असते, पुष्कळदा मदतीच्या रूपात येते. जूनमध्ये पेरणीच्या तोंडावर बँक उभी करत नाही तेव्हा बियाणे, खत उधारीवर देतो तो कृषी केंद्रवाला. तो मुलीच्या लग्नालाही येतो, अडीअडचणीला फोन उचलतो. त्याच्यावर कंपनीच्या मालाचे, वितरकाच्या हप्त्याचे ओझे असते. कापूस निघाला की पहिली गाडी त्याच्या उधारीत जाते. यात खलनायक दाखवा म्हटले तर बोट कुणाकडे करणार?

२०१७ च्या पावसाळ्यात याच जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसच्या आसपास माणसे दगावली आणि शेकडो दवाखान्यांत दाखल झाली. गुलाबी बोंडअळीचा जोर होता, कपाशी डोक्याच्या वर गेली होती, उकाडा होता, औषधांची मिश्रणे मारली जात होती. त्यानंतर जे स्पष्टीकरण पुनःपुन्हा ऐकू आले ते असे: मजुरांनी हातमोजे, मास्क, चष्मा वापरला नाही. डब्यावर तशी सूचना छापलेली होती. हे वाक्य मूर्ख माणसाचे नाही. ते कायद्याने तपासलेले, वकिलाने वाचलेले वाक्य आहे. दोनशे-तीनशे रुपये रोजाने फवारणीला गेलेल्या माणसाला भर उकाड्यात तो पोशाख घालणे शक्य होते का, हा प्रश्न त्या वाक्यात शिरूच शकत नाही. चंद्राचे मुंडके घातलेल्या विक्रेत्यापेक्षा हे वाक्य कितीतरी भयंकर आहे, आणि गेममध्ये त्याच्या जवळपास जाणारे वाक्य एजवॉटर सोडल्यावर मला सापडले नाही.

४. उपाशी वसाहतीतला तृप्त माणूस

कथेच्या पोटात एक मोठा दुष्काळ आहे. वसाहतीत पिकणाऱ्या अन्नात कस नाही, माणसे खाऊनही कुपोषित आहेत, एजवॉटरची 'साथ' म्हणजे मुळात हेच. बोर्डाचा त्यावरचा उपाय असा की कामगारांना गोठवून ठेवायचे म्हणजे तोंडे कमी होतील, आणि या योजनेला नाव द्यायचे आजीवन नोकरी. कल्पना जबरदस्त आहे. पण खेळणाऱ्याला या दुष्काळाची झळ किती? शून्य. पेट्यापेट्यांतून डबे, पाव, दारू, औषधे भरून वाहत असतात. खाणेपिणे आणि झोपणे सक्तीचे होते ते फक्त 'सुपरनोव्हा' या सर्वांत कठीण पातळीवर, म्हणजे उपासमार ही हौशी लोकांनी वेगळी मागवायची चीज. दुष्काळावरच्या कथेत भूक ऐच्छिक ठेवणे हा माझ्या लेखी या गेमचा सर्वांत मोठा दोष आहे. समीक्षकांनी बंदुका मोजल्या, याच्याकडे फारसे कुणी पाहिले नाही.

कर्जाचेही तेच. हॅल्सियनमधला जो तो करारात अडकलेला, खेळणारा मात्र सत्तर वर्षे गोठून पडलेल्या जहाजातून उठवलेला. त्याचा मालक नाही, सावकार नाही, मागे घर नाही. स्वतःचे यान आहे. बोर्डाशी भांडायला तो मोकळा आहे, कारण बोर्डाकडे त्याचे काहीच गहाण नाही. ही मोकळीक लोकांना गेमचे वैभव वाटते. मला ती पळवाट वाटते.

अपवाद पार्वतीचा. पार्वती होलकोम्ब ही एजवॉटरची यंत्रकारीण तुमच्याबरोबर प्रवासाला निघते. नाव ऐकून मराठी कान टवकारतात, पण कौतुक नावाचे नाही. तिचा बाप त्याच गावात राबून राबून गेलेला आहे. वीज कारखान्याच्या गावाला द्यायची की गाव सोडून वनस्पतींच्या प्रयोगशाळेत राहायला गेलेल्यांना, हा निर्णय तुमच्यासाठी चाल आहे. तिच्यासाठी ती शेजारपाजारची माणसे आहेत. गाव अंधारात घातलेत तर तिच्या चेहऱ्याकडे बघणे जड जाते. वहीत नाव असलेला माणूस शेजारी चालत असल्यामुळेच हा निर्णय जिवंत होतो. सगळा गेम तिच्या बाजूने लिहिला असता तर?

५. जीभ आणि सत्ता

एजवॉटरचा व्यवस्थापक रीड टॉब्सन आणि गाव सोडून गेलेल्या बंडखोरांची म्होरकी अ‍ॅडलेड, यांच्यातला तंटा सुरुवातीला खरोखर अवघड आहे. रीडने औषध कामसू लोकांपुरते राखले, त्यात अ‍ॅडलेडचा मुलगा गेला. ती आता भाजीपाला पिकवते, पण मातीला खत म्हणून मेलेली माणसे वापरते. दोघांपैकी कुणाचीही बाजू घेतली तरी घास घशात अडकतो. इथपर्यंत उत्तम. मग कळते की तुमचे बोलण्याचे कौशल्य पुरेसे वाढलेले असेल तर रीडला पायउतार व्हायला पटवता येते आणि गाव अ‍ॅडलेडच्या हाती देता येते. मोनार्क या उपग्रहावरही दोन गटांत अशीच दिलजमाई घडवता येते. कौशल्याचा आकडा वाढवला की पेच सुटला. पिढ्यांची पिळवणूक दोन वाक्यांत मिटते आणि मिटवणारा कुठल्या दुसऱ्या जगातून आलेला उपरा.

नारळीकरांचे गंगाधरपंतही उपरेच. पण ते आझाद मैदानावरच्या सभेत अध्यक्षांची रिकामी खुर्ची पाहून राहवत नाही म्हणून व्यासपीठावर चढतात आणि बोलू लागतात, तेव्हा लोक त्यांना टोमॅटो-अंडी मारून हुसकतात. त्या जगाला त्यांच्या भाषणाची गरज नाही. समांतर जगात गेलेल्या माणसाची किंमत किती, याचे नारळीकरांचे उत्तर मला अधिक प्रौढ वाटते, आणि ते गेमपेक्षा कितीतरी आधीचे आहे.

६. लहानपणाचा दोष

'गेम लहान आहे' या तक्रारीला मी फार वेळ देणार नाही. पंचवीस-तीस तासांत संपणारी गोष्ट तोकडी कशी? सप्टेंबर २०२३ मध्ये 'स्टारफील्ड' हा गेम हजाराहून अधिक ग्रह घेऊन आला, आणि त्यातले बहुतेक ओसाड निघाले. हॅल्सियनमध्ये ग्रह थोडे आहेत म्हणून प्रत्येक वस्तीला निदान एक अर्थव्यवस्था आहे. उलट गेमचा उत्तरार्ध आणखी आखूड असता तर विनोद शिळा होण्याआधी तो आटोपला असता.

आक्षेप आणि उत्तरे

पहिला आक्षेप सगळ्यांत गंभीर. आत्महत्यांच्या जिल्ह्यात बसून करमणुकीच्या वस्तूशी त्यांची सांगड घालणे हे असंवेदनशील नाही का? मला वाटते, सांगड न घालणे अधिक असंवेदनशील ठरेल. आत्महत्येवर विनोद करण्याची जोखीम या गेमने आपणहून उचलली आहे. ती त्याला पेलली की नाही, हे ज्यांच्या गावात त्या विनोदाचा विषय घडतो त्यांनी नाही तर कुणी तपासायचे? माझा निकाल वर दिलाच आहे: एजवॉटरमध्ये पेलली, बायझँटियममध्ये नाही.

दुसरा आक्षेप: उपहास म्हटला की अतिशयोक्ती आलीच. मान्य. पण अतिशयोक्ती कशाची करायची हे लेखकाच्या हातात असते. सायलसच्या प्रसंगात नियमाची अतिशयोक्ती आहे, माणूस साधाच आहे. पुढे नियम बाजूला पडतो आणि माणसे फुगवली जातात. पहिल्या प्रकाराने व्यवस्था दिसते, दुसऱ्याने फक्त वेंधळे दिसतात.

तिसरा: हा अमेरिकेने अमेरिकेसाठी केलेला खेळ, त्याला वऱ्हाडची फूटपट्टी कशाला? तो अमेरिकेचा आहेच. शिकागोजवळ पुलमन या कारखानदाराने वसवलेल्या कंपनी-गावात मजुरी कापली पण घरभाडे तेच ठेवले आणि त्यातून १८९४ चा संप पेटला, ही त्याची खरी वंशावळ. पण माल जगभर विकायचा आणि परीक्षा मात्र घरच्या पट्टीने द्यायची, हे जमणार नाही. शिवाय विकताना एवढ्या भाषांतून विकला, त्यात मराठी सोडाच, हिंदीही नाही. निम्मा गेम संवादांचा असताना घाटंजीतल्या ज्या पोराचे इंग्रजी कच्चे आहे, त्याच्या वाट्याला उरते ती फक्त मारामारी. आणि ती खरोखरच सपक आहे.

चौथा: गेममध्ये कुणालाही ठार करता येते, बोर्ड उलथवता येते, मग खेळणारा असहाय कसा? तो असहाय नाही, हीच तर माझी तक्रार. एक छोटी यंत्रणा मात्र उलट दिशेने गेलेली आहे: एखाद्या प्राण्याने वारंवार फाडले की गेम विचारतो, याची कायमची भीती घेता का, बदल्यात एक गुण देतो. व्यंग पत्करून लाभ. हा खऱ्या अर्थाने करार आहे, आणि त्यात खेळणारा काही काळ वहीत येतो. पण तोही सौदा नाकारता येतो. हॅल्सियनमधल्या कोणत्या कामगाराला नाकारता आला होता?

पाचवा आक्षेप असा की निर्माते ऑब्सिडियन यांनी २९ ऑक्टोबर २०२५ रोजी दुसरा भाग आणला, त्यात पहिल्याचे दोष धुऊन निघाले. काही धुतले आहेत. तिथे कंपनीला तोलामोलाचे विरोधक दिले आहेत: हुकूमशाही राज्य आणि गणितावर श्रद्धा ठेवणारा पंथ. त्यामुळे सगळे खापर एकाच मठ्ठ संचालकावर फुटत नाही. कंपनी मात्र दोन जुन्या पेढ्यांचे विलीनीकरण होऊन तीच आहे. ऑब्सिडियन स्वतः २०१८ पासून मायक्रोसॉफ्टच्या मालकीचे आहे, आणि कंपन्यांच्या हावरटपणावरच्या या गेमची किंमत आधी ऐंशी डॉलर जाहीर झाली होती. ग्राहकांनी आरडाओरडा केल्यावर ती सत्तरवर आली. तसे कळवणारे निवेदनही गेममधल्याच विनोदी कारकुनी भाषेत लिहिलेले होते, आणि लोक त्यावर मनापासून हसले.